विश्रांतीच्या वेळी बोलू नये

आधी माझ्या टाचण्या काढण्यात आल्या.

"काकू, अंगावर धातूचं काही आहे का?" यंत्रावरच्या माणसानं विचारलं आणि मी छातीठोकपणे "काही नाही" म्हणून मोकळी झाले. अंगठी, कानातलं, घड्याळ, सगळं घरी काढून ठेवलं होतं. मग त्यानं हातातली पट्टी माझ्या अंगावरून फिरवली आणि ती गळ्याशी येऊन किंचाळली. कॉलरच्या आत टाचण्या निघाल्या. बाहीच्या मुडपीत आणखी एक. कमरेपाशी तर सुई, दोऱ्यासकट.

"शिवणकाम करता का?"

"नाही, साळिंदर आहे," मी म्हटलं.

तो खो खो हसला. काचेपलीकडे माझी भाचीही हसली. मी हसले नाही. वाटत होतं, अजून मूठभर टाचण्या निघाव्यात, ही बाई यंत्राला चालणारच नाही असं या माणसानं जाहीर करावं आणि मी मुकाट्यानं दुकान गाठावं. पण आणखी एकही निघाली नाही. कपडे बदलायला त्यानं एक झगा दिला. बंदांचा, खांद्यावर उसवलेला. एरवी मी तिथल्या तिथे टाका घातला असता. पण सुई त्याच्या ताब्यात गेली होती.

भाचीला आम्ही चौकशी म्हणतो. नाव वेगळं आहे, पण बोलायला लागली तशी पोरगी "का" म्हटल्याशिवाय घास गिळेना. आकाश वर का, मुंग्या रांगेत का, देवाला कोणी केलं. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, वैतागून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता ती माणसाच्या डोक्याचा अभ्यास करते. माणसं प्रार्थना करतात तेव्हा आत काय होतं, हा तिचा विषय. सुट्टीच्या दिवशी, रोगी नसताना, या इस्पितळाचं यंत्र तिला वापरायला मिळतं.

"एकच माणूस कमी पडतोय, मावशी," ती दुकानात येऊन म्हणाली होती. "प्रार्थना अंगात मुरलेली असेल असा. तुझ्यासारखं दुसरं कोण आहे?"

"देव आहे की नाही ते बघणार होय तू?"

"ते यंत्राला काय कळणार? तू त्याच्याशी बोलतेस तेव्हा तुझ्या डोक्यात रक्त कुठे धावतं, तेवढंच कळतं. तो आहे का, हा प्रश्न माझाही आहे गं. पण तो या यंत्राला विचारायचा नाही."

खरं तर मला अशा गोष्टींत कधी काही वावगं वाटलं नाही. दुकानात नवा कपडा आला की मी आधी तो उलटा करून बघते. शिवणाऱ्यावर संशय असतो म्हणून नव्हे. आतली शिवण सुरेख दिसली की त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनातल्या मनात दाद देते. ताई लेकीच्या प्रश्नांवर डोळे वटारायची तेव्हा मीच मध्ये पडायचे. म्हणायचे, "अगं, तिला कपडा उलटा करून बघायचाय. ज्यानं शिवलाय त्याला काही राग येत नाही त्याचा."

हे सगळं ठीक. पण उलटा करायचा कपडा आपणच असू आणि आत अस्तरच नसेल, तर?

ताई गेली तेव्हापासून मला प्रार्थना येत नव्हती. शब्द येत होते, ते लहानपणापासून पाठ आहेत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी डोळे मिटून बसायचे, शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत जायचे आणि आत काही म्हणजे काही व्हायचं नाही. बॉबिनमधला दोरा संपलेला असताना मशीन चालवावी तसं. सुई वरखाली होते, आवाज होतो, टाका पडत नाही.

आणि हे सांगायचं कोणाला? आमच्या सगळ्या गोतावळ्याचा देवाकडचा वशिला मी. मामेभावाला मुतखडा झाला, कर मावशीला फोन. भावजयीची बदली अडली, कर फोन. शेजारणीच्या नातवाची परीक्षा, तीही माझ्याच गळ्यात. "तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो." मी म्हणायचे, "सांगते हं." आणि फोन ठेवून काजं करायला घ्यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

बाकीच्यांचं एक वेळ सोडा. पण चौकशी! ताईच्या शेवटच्या आजारात पोरगी रात्रंदिवस जागून काडी झाली होती. मी बाकावर बसून पुटपुटत होते. ती जवळ आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मावशी, माझा काही विश्वास उरलेला नाही. पण तुझ्या विश्वासावर माझा विश्वास आहे. तू करतेयस ना, मग मी जरा झोपते." आणि झोपली. ताई गेल्यावरही तिचा फोन रोज येतो, मी रोज सांगते, "तुझ्यासाठी सांगितलंय त्याला." तेवढ्यावर ती पोर उभी आहे. आईबापाविना, एवढ्या मोठ्या जगात, तेवढ्या एका वाक्यावर. आणि ते वाक्य साफ खोटं.

नाही म्हटलं असतं तर तिनं "का" विचारलं असतं. हो म्हटलं तर यंत्र चुगली करणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी हो म्हटलं.

"डोकं अजिबात हलवायचं नाही हं, काकू," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

"माझं डोकं हलत नाही, फिरतं."

त्यानं माझ्या चेहऱ्यावर एक पिंजरा बसवला. कानांच्या दोन्ही बाजूंना फोम कोंबला, वर हेडफोन. डोळ्यांवर छोटा तिरपा आरसा, त्यात पायांकडचा पडदा दिसत होता. हातात रबराचा फुगा दिला. "फारच घाबरायला झालं तर हा दाबा. लगेच बाहेर काढू. पण मग सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि यंत्राची वेळ आज थोडीच आहे." म्हणजे दाबू नका. असं सरळ का बोलत नाहीत ही माणसं?

मग फळी सरकली आणि मी आत गेले.

मला वाटलं होतं, बोगदा असेल. बोगद्याला निदान दुसरं टोक दिसतं. हे नळकांडं होतं. छत नाकाशी. कोपर जरा हलवलं तर भिंत. श्वास सोडला की तो छताला लागून परत माझ्याच तोंडावर. मग आवाज सुरू झाला. जुन्या ओव्हरलॉक मशीनमध्ये डोकं घातलं तर येईल तसला, दातांत शिरणारा. नाकाला खाज सुटली. सुटणारच. आयुष्यभर जिथे खाज सुटली नव्हती तिथे तिथे सुटली.

"मावशी, ऐकू येतंय?" कानात चौकशीचा आवाज आला. "पडद्यावर शब्द येईल. 'प्रार्थना' आलं की तुझी रोजची प्रार्थना मनात म्हण. 'पाढे' आलं की पाढे. 'विश्रांती' आलं की काही नाही, नुसती पडून राहा. हेच फिरून फिरून येईल. सोपंय."

सोपंय! आरशात शब्द उमटला. प्रार्थना.

मी सुरू केली. शब्द एकामागून एक निघाले, शाळेतल्या पोरांसारखे रांगेनं, कोणाचा कोणाला पत्ता नाही. मी जोर लावला. डोळे घट्ट मिटले. आत कोणीतरी आहे असं समजायचा प्रयत्न केला, तर आत फक्त तो आवाज, धडधड धडधड. वाटलं, काचेपलीकडे आत्ता दिसत असेल तिला. मावशीचं डोकं काळंठिक्कर, दिवाच नाही कुठे.

पाढे. हुश्श! मी तेराचा घेतला. तो मला कधीच चुकत नाही. खोटं कशाला बोलू, प्रार्थनेपेक्षा मला तेराच्या पाढ्यात जास्त भक्ती वाटली.

मग विश्रांती. नळकांड्यात कोंबलेल्या बाईला म्हणे विश्रांती!

पुन्हा प्रार्थना. पुन्हा पाढे. छत खाली येतंय असं वाटायला लागलं. येत नव्हतं, मला माहीत होतं, पण माहीत असून काय उपयोग? घाम कानामागून ओघळला आणि तो पुसायला हात वर येईना, कारण वर जागाच नव्हती. मुठीत फुगा. दाबला तर सुटले. दाबला तर तिचा माणूस कमी. न दाबला तर माझं पितळ उघडं. बोट फुग्यावर आवळत होतं, सैल होत होतं.

"मावशी, छान चाललंय हं," कानात आवाज आला. "बरी आहेस ना?"

छान चाललंय.

हे शब्द माझे होते. ताईला मी हेच सांगायचे. तिलाही असंच यंत्रात घालायचे, कितीदा घातलं असेल. ताईला बंद दार सोसायचं नाही, न्हाणीघराची कडीसुद्धा लावायची नाही ती. आत जाताना माझा हात सोडवेना तिला. मी म्हणायचे, "छान चाललंय सगळं, मी सांगितलंय त्याला," आणि बाहेर बाकावर बसून प्रार्थना करायचे. किती शांत वाटायचं मला तेव्हा! आणि ती इथे होती. अशी. हे छत तिच्या नाकाशी. खाज, घाम, ही धडधड. आणि मुठीत फुगा. तिनं तो एकदाही दाबला नाही.

आरशात शब्द उमटला. विश्रांती.

आणि माझं डोकं फिरलं.

अरे मेल्या, मी म्हटलं. ओठ हलले नाहीत, पण आत असा आवाज फुटला की यंत्राचा आवाज मागे पडला. अरे मेल्या, होतास कुठे तू? एवढं बारीक काम करणारा कारागीर तू! डोळ्याच्या पापणीचा एक केस दुसऱ्यावर चढू देत नाहीस. आणि माझ्या ताईच्या डोक्यात ती गाठ वाढत होती तेव्हा कुठे उलथला होतास? मी बाहेर बसून घसा कोरडा करत होते. तुला ऐकू येत होतं ना? का नाही म्हणालास? सरळ सांगायचंस, जमणार नाही, बाई, घरी जा. मी गेले असते. निदान तिचा हात धरून बसले असते. बोल की! तोंड शिवलंय का तुझं? माझं तर तू शिवलंयस. मला रडता येत नाही, ओरडता येत नाही, सगळे माझ्याकडे तोंड करून बसलेत, मावशी आहे, मावशी सांगेल. काय सांगू मी त्यांना? त्या पोरीला काय सांगू?

प्रार्थना, असं पडद्यावर आलं. मी आज्ञाधारक बाई. गप्प बसले आणि मुकाट्यानं शब्दांची रांग काढली.

पाढे आले, पाढे म्हटले. विश्रांती आली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं त्याला. असं किती वेळा झालं कोण जाणे. छत आठवलं तेव्हा फळी बाहेर सरकत होती.

झगा अंगावर तसाच, मी काचेपलीकडच्या खोलीत येऊन बसले. यंत्रावरचा माणूस चहा प्यायला गेला. चौकशी पडद्याकडे बघत होती. राखाडी रंगाची चित्रं, त्यांवर कुठे कुठे तांबडे-पिवळे ठिपके. ती पुढे जायची, मागे यायची. कपाळावर आठी. ताईचीच आठी, हुबेहूब.

"मावशी, विश्रांतीत तू काय करत होतीस?"

"काही नाही. डुलकी लागली असेल."

"डुलकी अशी नसते." तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "हे अजून कच्चं आहे, एकट्या माणसाच्या चित्रावरून मी काही ठामपणे सांगणार नाही. पण बघ. ही तुझी प्रार्थना आणि हे पाढे. जवळजवळ सारखंच. पाठ केलेलं म्हणताना दिसतं तसं."

झालं. पडलं पितळ उघडं. मी झग्याच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून ती आणखी उसवत बसले.

"आई गेल्यापासून?" तिनं हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"मग रोज फोनवर म्हणतेस ते? माझ्यासाठी सांगितलंय त्याला?"

"थाप," मी म्हटलं. "रोजची थाप. तू पडशील अशी भीती वाटली मला."

तिनं खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली. तिची पाठ माझ्याकडे, आणि मला वाटलं, गेली. ताई गेली, आता हीसुद्धा गेली. उठून कपडे बदलावेत, टाचण्या परत मागाव्यात आणि निघावं. पण पाय उचलेनात. नळकांड्यातून बाहेर काढलं होतं, पण अजून तिथेच होते मी.

"आणि हे?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "विश्रांतीतलं. इथे, आणि इथे. समोर कोणी माणूस असला, आपण त्याच्याशी बोलत असलो, त्याच्या मनात काय असेल याचा विचार करत असलो, की साधारण असं दिसतं. कोणाशी बोलत होतीस?"

"त्याच्याशी."

"काय बोलत होतीस?"

"शिव्या घालत होते."

तिची पाठ हलली. मला वाटलं रडते आहे. हसत होती. मग वळली तर डोळे भरलेले. दोन्ही एकदम चाललं होतं.

"ऐकत होता तो?"

"तुझं यंत्र सांगतं का?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस? मलाही ठाऊक नाही. पण रिकाम्या खोलीशी कोणी एवढं भांडतं का गं?"

"भांडतं," ती म्हणाली. "मी भांडते. आईच्या खोलीत जाऊन, रोज."

तिनं बाहीला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच.

"आता हे सगळं बाद," ती म्हणाली. "विश्रांती ही विश्रांतीच नव्हती, मग तुलना कशाशी करणार? सरांना सांगावं लागेल, एक माणूस कमी."

"अगं, असू दे की तसंच. लिहून टाक विश्रांती. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

ताई असती तर या वाक्यावर तिनं लेकीची दृष्ट काढली असती. मी नुसती बघत राहिले. इतकी वर्षं मी देवाला घाबरून खरं बोलत आले आणि या मुलीला कोणाचंही भय नाही, तरी ती खोटं लिहीत नाही. मला माझीच लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला, आणि कोणतं जास्त ते कळेना.

"वेळ उरलाय का यंत्राचा?" मी विचारलं.

"थोडा. का?"

"का काय? घाल मला परत आत."

"मावशी, झगा बघ घामानं कसा भिजलाय. आणि अभ्यासात नाही धरता यायचं ते आता. तुला सगळं माहीत झालंय."

"अभ्यास राहू दे. तुला बघायचंय ना?"

तिनं खुर्ची मागे सारली. मग म्हणाली, "खूप."

"मलाही," मी म्हटलं.

पुन्हा पिंजरा, फोम, आरसा. यंत्रावरच्या माणसानं पट्टी पुन्हा फिरवली आणि काही मिळालं नाही म्हणून जरा हिरमुसला. फळी सरकली. छत नाकाशी आलं. भीती तेवढीच होती, तिळभरही कमी नाही. फुगा मुठीत घट्ट धरला. ताईनंही असाच धरला असेल.

"मावशी," कानात आवाज आला, "या वेळी विश्रांतीत खरंच काही करायचं नाही. जे काय बोलायचं ते प्रार्थनेत."

"बरं."

"पाठ केलेलं म्हणायचं नाही."

"बरं गं बाई."

मग नुसती खरखर. मला वाटलं, तिनं बटण सोडलं. धडधड सुरू व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात पुन्हा आवाज आला. हा शिकलेल्या मुलीचा नव्हता. घास तोंडात धरून माझा पदर ओढणाऱ्या पोरीचा होता.

"मावशी, माझ्याकडूनही विचार ना त्याला. का ते."

डोकं हलवायचं नव्हतं आणि हात वर येत नव्हता, म्हणून डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत गेलं. आरशात शब्द उमटला. मी विचारलं.